वाया गेलेले वर्ष

हिवाळ्यातील दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांची मधली सुटी आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाची असेल. डबे आटोपले की मंडळी हिरवळीवर ऊन खाण्यास बाहेर पडतात. कोणी भुईमुगाच्या शेंगा फोडतो, कोणी मुळ्याला मीठ-लिंबू लावून पुढे करतो, आणि बोलणे बढती, बदली व महागाईभत्ता ही तीन तीर्थे उरकून नेहमीच्या चौथ्या ठिकाणी येऊन विसावते. हे चौथे ठिकाण म्हणजे ज्याचे त्याचे कॉलेज. या विषयावर चाळिशीपुढील गृहस्थांचे दोन तट पडतात, असे आम्ही पाहिले आहे. एक तट म्हणतो, तेव्हा फार मौज केली, थोडा अभ्यास केला असता तर आज वरच्या खुर्चीवर असतो. दुसरा म्हणतो, तेव्हा सारखा अभ्यासच केला, आणि तरी याच खुर्चीवर आहोत. या दुसऱ्या तटाचे दुःख आम्हांला नेहमीच अधिक खरे वाटत आले आहे.

मध्यंतरी आमच्या विभागातील एका ज्येष्ठ मराठी अधिकाऱ्यांनी आम्हांस बाजूला घेतले. त्यांचे चिरंजीव पुण्यास वसतिगृहात असतात. पहिल्या सहामाहीत त्यांचे दोन विषय राहिले होते. चौकशीअंती कळले ते असे, की मुलगा पहाटे मित्रांबरोबर टेकडी चढतो, संध्याकाळी पोहतो आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खोलीत दहाजणांचा अड्डा जमवून बसतो. साहेब म्हणाले, "तुम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालात ना? मग सांगा, टिळकही पहिल्या वर्षी नापास झाले होते, असे तो मला उलट ऐकवतो. त्याला मी काय लिहू?"

त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात कॉलेजातील मौजेचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण तेच आहे, आणि गंमत अशी की ज्या मुलांना त्याचा दाखला द्यावयाचा असतो ती ते अर्धेच वाचतात, व ज्या वडिलांना तो खोडावयाचा असतो ते मुळीच वाचत नाहीत. म्हणून त्या दिवसांकडे एकदा नीट पाहावे, असे ठरविले.

हे प्रकरण घडले डेक्कन कॉलेजात. त्या कॉलेजची कुळी जुनी. १८२१ साली एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांच्या दक्षिणा फंडातील रकमेतून विश्रामबाग वाड्यात जी संस्कृत पाठशाळा काढली, तिचेच हे पुढील रूप. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या घराण्याची मोठी देणगी मिळाल्यावर १८६४ साली नव्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १८६८ साली सर्व बिऱ्हाड मुळा-मुठा ओलांडून येरवड्याच्या बाजूस गेले. काळसर दगडाची गॉथिक घाटाची इमारत, पाठीशी टेकडी, खाली नदी, नदीला बंधारा घातल्यामुळे तुंबलेले खोल पाणी, आणि गाव काही मैल दूर! विद्यार्थ्यांनी तेथेच राहावयाचे, तेथेच जेवावयाचे, अशी इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांच्या धर्तीची व्यवस्था होती.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आज आपल्या ध्यानी येत नाही. त्यापूर्वी शिकण्यासाठी पुण्यास येणारा ब्राह्मणाचा मुलगा कोणाच्या तरी वाड्यात राही, वार लावून जेवे, आणि त्याच्यावर चार सोवळ्या म्हाताऱ्यांची नजर असे. मित्र असत, पण मित्रांबरोबर रिकामा बसण्यास जागा नसे. डेक्कन कॉलेजने या मुलांना पहिल्यांदा जे दिले ते वर्डस्वर्थसाहेबांची व्याख्याने एवढेच नव्हे. (हे प्राचार्य वर्डस्वर्थ त्या प्रसिद्ध कवीचे नातू.) दिवे गेल्यावर दाराला कडी घालून चौघांनी बोलत बसावे आणि कोणी "झोपा आता" म्हणू नये, अशी खोली त्यांना तेथे मिळाली. मराठी समाजात ही वस्तू नवीन होती.

१८७३ च्या आरंभी बाळ गंगाधर टिळक या कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांना सतरावे वर्ष चालू होते. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. वडील गंगाधरपंत आदल्या ऑगस्टात वारले होते, आई तर त्यापूर्वीच गेलेली. लग्न झालेले होते. प्रकृती किरकोळ होती, इतकी की नवऱ्यापेक्षा बायकोच धडधाकट अशी थट्टा मित्र करीत, असे सांगतात. त्या वर्षी टिळकांनी पुस्तके बाजूला ठेवली. सकाळी तालीम, मग नदीत पोहणे, नाव वल्हविणे आणि या सर्वांच्या मागोमाग येणारे दणदणीत जेवण, असा त्यांचा दिनक्रम होता. वर्षअखेर शरीर उत्तम झाले आणि परीक्षा गेली.

पुढच्या काळातही खोड्या थांबल्या नाहीत. नाजूक प्रकृतीची मुले आपल्या खोलीतील फळीवर औषधांच्या बाटल्या मांडून ठेवीत. टिळक त्या बाटल्या फेकून देत, आणि माझ्याबरोबर तालमीत चल, औषधाची गरज उरणार नाही, असे त्या मुलास बजावीत. कोणी एक शौकीन विद्यार्थी अंथरुणावर फुले पसरून निजत असे, त्याच्याही शय्येची त्यांनी वाट लावली, असे सांगतात. त्यांना दोन टोपणनावे मिळाली होती, एक 'ब्लंट' आणि दुसरे 'डेव्हिल'. तोंडावर रोखठोक बोलणारा म्हणून पहिले, आणि दुसरे का, ते निराळे सांगावयास नको. ज्याची औषधे खिडकीबाहेर गेली त्या मुलाचे म्हणणे मात्र कोणा चरित्रकाराने नोंदविलेले नाही. आमच्याही वसतिगृहात एक असा हूड बहाद्दर होता, आणि आमचीच फळी त्याच्या तावडीत सापडे, त्यामुळे आमचा कल किंचित त्या अनाम विद्यार्थ्याकडे आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

आता चरित्रकार या वर्षाकडे कसे पाहतात ते पाहा. ते म्हणतात, टिळकांनी विचारपूर्वक एक वर्ष शरीरसंपत्ती कमावण्यासाठी दिले, कारण पुढील कार्याला देह समर्थ असला पाहिजे हे त्यांनी ओळखले होते. निष्कर्ष खोटा नाही. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेस गेलेला पन्नाशी उलटलेला मधुमेही मनुष्य १९१४ साली जिवंत परत आला, याचे काही श्रेय १८७३ च्या नदीकडे जाते. परंतु सोळा वर्षांचा मुलगा मंडालेचा हिशेब करून पाण्यात उडी घेत नाही. आई नाही, वडील जाऊन चार-सहा महिने झालेले, घर म्हणून जे होते ते काकांचे, आणि अशा वेळी समोर नदी, टेकडी व बरोबरीची मुले असा देखावा. तो पोहला, खेळला, हसला, एवढेच आम्हांस दिसते. मोठेपणी त्या वर्षाला हेतू चिकटला. वास्तविक हेतू नव्हता म्हणूनच ते वर्ष इतके उपयोगी पडले असावे, असे आमचे मत आहे. पुढे टिळक बी. ए. ला पहिल्या वर्गात आले. गणित त्यांचा आवडता विषय, आणि केरो लक्ष्मण छत्र्यांसारखे गुरू त्यांना त्यासाठी लाभले होते. साहेबांच्या चिरंजीवांनी हेही वाक्य वाचावे.

त्यांनी आणखी एक गोष्ट वाचावी. टिळकांना नापास होणे परवडत होते. गंगाधरपंतांनी मुलाच्या शिक्षणापुरती पुंजी मागे ठेवली होती. दूध-तूप, तालीम आणि एक जादा वर्ष यांचा खर्च त्यातून निघाला. ज्याला तो निघत नव्हता असा एक मुलगा त्याच कॉलेजात थोड्या वर्षांनी आला. गोपाळ गणेश आगरकर हे त्याचे नाव.

आगरकर आणि टिळक यांच्या वयात नऊ दिवसांचे अंतर होते. आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, टिळकांचा २३ जुलैचा. आगरकर कऱ्हाडजवळील टेंभूचे. आम्हीही त्याच मुलखातले असल्यामुळे या माणसाविषयी लिहिताना आमची लेखणी थोडी हळवी होते, ते वाचकांनी चालवून घ्यावे. घरची अत्यंत गरिबी. शिकण्यासाठी कऱ्हाडहून रत्नागिरीपर्यंत पायी गेले, तेथे जमले नाही म्हणून परतले. कऱ्हाडच्या कचेरीत काही काळ कारकुनी केली, दवाखान्यात औषधे मिसळण्याचेही काम केले. (कारकुनी हा शब्द येथे आला याचा आम्हांस केवढा आनंद होतो, ते केवळ कारकूनच जाणे.) मग नातेवाइकांच्या आधाराने अकोल्यास जाऊन १८७५ मध्ये मॅट्रिक झाले आणि डेक्कन कॉलेजात आले. तेथे त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी अंगात घालायचा. शिष्यवृत्ती, वर्तमानपत्री लेखन, मिळेल ते काम, अशा जोडातोडीवर फी निघे. त्यांना दमा होता.

या मुलाने कोणती मौज करावी? नावेत बसण्यास हरकत नव्हती, परंतु नापास होण्याची सोय नव्हती. मित्रांच्या संगतीत दिवस घालविणे ही चैन आहे, आणि ती चैन कोणीतरी पैसे मोजल्याशिवाय होत नाही. हे आपण बापमाणसे मुलांना सांगतो तेव्हा ते कडू लागते, पण ते खरे आहे. एक मौज मात्र सर्वांना सारखी उघडी होती, आणि तिला दमडीही पडत नव्हती. ती म्हणजे बोलणे. आगरकर बोलण्यात कोणाला हार जाणारे नव्हते.

१८७९ साली दोघेही कॉलेजात राहून पुढील अभ्यास करीत होते, टिळक एल्एल्. बी. चा आणि आगरकर एम्. ए. चा. त्या वर्षी त्यांची खरी गट्टी जमली. कॉलेजमागच्या टेकडीवर फिरावे, खोलीत परत यावे, पुन्हा वाद चालू. विषय कोणते? देशाची दशा, लोकांचे अज्ञान, मिल्ल व स्पेन्सर, आणि आपण काय करावयाचे. टिळकांनीच पुढे त्या दिवसांची आठवण काढताना सांगितले आहे की त्या वेळी आमची डोकी तापलेली होती. दोघांचे अनेक बाबतींत जमत नव्हते. परंतु मित्राच्या खोलीतील वादाला एक सवलत असते, ती पुढे कोठेही मिळत नाही. तेथे हरले तरी काही जात नाही. आमच्या अनुभवाने सांगतो, टिपणावर वरिष्ठांशी मतभेद नोंदविण्यापूर्वी मनुष्य दहा वेळा विचार करतो. वसतिगृहात तो अकराव्या वेळी बोलून चुकलेला असतो, मग सकाळी तेच मत बदलतो आणि त्याची कोणी नोंद ठेवीत नाही.

त्या बोलण्यातून जो निश्चय निघाला तो असा, की सरकारी नोकरी करावयाची नाही, लोकांच्या शिक्षणाला वाहून घ्यावयाचे. आगरकरांनी आईस पत्र लिहून कळविले की मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळाले तरी मी संतुष्ट राहीन. त्या माउलीला ते पत्र वाचून काय वाटले असेल? मुलगा एम्. ए. होणार, म्हणजे मामलेदार तरी होणारच, एवढ्या आशेवर तिने दिवस काढले असतील. इतिहासाची पुस्तके या पत्राचा गौरव करतात, तो योग्यच आहे. परंतु आम्हां नोकरमान्यांच्या घरांतून ते वाचले जाते तेव्हा आम्हांस ते आईच्या बाजूने ऐकू येते.

त्याच सुमारास तिकडे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात एक शिक्षक बदलीला कंटाळले होते. ते म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर. तेही याच डेक्कन कॉलेजचे. १८७४ पासून त्यांची निबंधमाला चालू होती आणि तिच्यातील लिखाणामुळे त्यांची पुण्याहून रत्नागिरीस उचलबांगडी झाली, असे सर्वांचे मत होते. बदली म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांस समजावून देण्याची आवश्यकता नाही. १८७९ साली शास्त्रीबोवांनी नोकरी सोडली, आणि पुण्यास स्वतःची शाळा काढण्याचा बेत जाहीर केला. टेकडीवरच्या तरुणांना हेच हवे होते. ते त्यांना जाऊन भेटले. चिपळूणकरांनी त्या वेळी आपल्या बंधूंना लिहिलेल्या पत्रात या बेतात सामील होणाऱ्यांची नावे दिली आहेत. आगरकर, टिळक, भागवत आणि करंदीकर अशी ती चार नावे.

१ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उघडले. त्या दिवशी चिपळूणकर होते आणि टिळक होते. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांना येऊन मिळाले. आगरकरांची एम्. ए. व्हावयाची होती, ती आटोपून ते वर्षभराने आले आणि मरेपर्यंत हलले नाहीत. भागवत व करंदीकर आले नाहीत.

आम्ही हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा विद्यार्थी होतो आणि या दोन नावांवरून नजर घसरत पुढे गेलो. आता वाचताना येथेच थांबतो. या दोघांनीही त्या टेकडीवर फेऱ्या घातल्या असतील. तेही त्या रात्री जागले असतील, त्यांचीही डोकी तापली असतील. वचन देताना त्यांनी ते खोटे दिले असेल असे आम्हांस मुळीच वाटत नाही. दिवाळीच्या सुटीत मनुष्य घरी जातो, घरात बहिणीचे लग्न असते, कर्ज असते, वडिलांचा खोकला असतो, आणि जानेवारीची पहिली तारीख कोणासाठी थांबत नाही.

आमच्याही वेळी असे चौघे होते. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे, त्याला प्रीतिसंगम म्हणतात. उन्हाळ्यात दुपारचे तास बुडवून आम्ही तेथे पोहत असू आणि रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर सतरंजी टाकून पडत असू. टेंभू तेथून जवळच, म्हणून आगरकरांचे नाव आमच्या गप्पांत वरचेवर येई. एका रात्री चौघांनी ठरविले की पदवी घेऊन कोणी बाहेर जावयाचे नाही, डोंगराकडच्या एखाद्या गावी शाळा काढावयाची. कोणी गणित शिकवायचे, कोणी इंग्रजी, हेही वाटून झाले. इतिहास आमच्याकडे होता. त्या रात्री आम्ही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून अधीक्षक काठी घेऊन वर आले. पुढे दोन वर्षांनी कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचा निकाल लागला आणि आमचे नाव यादीत निघाले. वडिलांनी गावात पेढे वाटले. गच्चीवरच्या बेताची आठवण त्या वेळी आम्हांस झाली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. झाली होती. चौघांपैकी एकाने मात्र खरोखरच शाळा काढली.

असो. आमच्या कथेपेक्षा त्यांची मोठी आहे, तिच्याकडे वळू.

१८८१ च्या जानेवारीत 'मराठा' व 'केसरी' निघाले. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असल्याचे प्रकरण या पत्रांनी उचलून धरले, त्यात दिवाण बर्वे यांच्यावर जे आरोप केले त्यांचा आधार असलेली पत्रे बनावट ठरली, आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी एकशे एक दिवस त्यांनी १८८२ साली मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. ऑक्टोबरच्या २६ तारखेस ते सुटले. या दिवसांवर आगरकरांनी जे लहानसे पुस्तक लिहिले आहे, ते तुरुंगाविषयीचे म्हणून वाचले जाते. आमचा समज असा की मराठीत वसतिगृहावरचे इतके चांगले पुस्तक दुसरे नाही. दोघे एका कोठडीत, वाचावयास पुस्तके नाहीत, लिहावयास साधन नाही, मग करावयाचे काय? पुन्हा तेच डेक्कन कॉलेजातील बोलणे सुरू झाले. गप्पा अशा रंगत, आवाज असा चढे, की पहारेकऱ्यांना येऊन त्यांना गप्प करावे लागे. सव्वीस वर्षांचे हे दोन संपादक, दोन शिक्षक, ज्यांच्याकडे सारे पुणे डोळे लावून बसले होते, ते कैदेत जाऊन पुन्हा विद्यार्थी झाले! त्यांच्या मैत्रीतील शेवटचे निर्मळ दिवस कदाचित तेच असतील.

त्याच वर्षाच्या मार्चमध्ये चिपळूणकर वारले होते. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज उघडले. टेकडीवर जे बोलले गेले होते ते दगडविटांत उभे राहिले, आणि बोलणारे दोघे एकमेकांपासून दूर जाऊ लागले. आधी सुधारणा की आधी स्वराज्य, हा त्यांचा वाद प्रसिद्धच आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मात्र संस्थेतील फाटाफुटीस निमित्त झाले ते पैशाचे. आजीव सभासदांनी पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर राहावे आणि बाहेरची मिळकत करू नये, हा मूळ संकल्प काटेकोर पाळावा, असा टिळकांचा आग्रह होता. इतरांना तो जाचक वाटे. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले, त्यावर शेवटची ठिणगी पडली आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. वाचताना आम्हांस आमच्या सेवानियमांची आठवण होते, पूर्वपरवानगीवाचून अन्य व्यवसाय करता येणार नाही, इत्यादी. फरक असा की आमच्यावर तो नियम सरकारने लादला आहे आणि त्यांनी तो तरुणपणी स्वतःच स्वतःवर लादून घेतला होता. हसत-खेळत दिलेले वचन किती जड असते, ते या भांडणात दिसते. टिळकांना त्या वचनाचे अक्षर धरून ठेवावयाचे होते. दुसऱ्या बाजूची माणसेही लोभी नव्हती, त्यांना मुलेबाळे झाली होती, इतकेच. कोणाची बाजू खरी, याचा निवाडा पुष्कळांनी केला आहे. आम्ही त्या फंदात पडत नाही.

या दोघांनी नंतर एकमेकांवर जे लिहिले ते वाचवत नाही. वैऱ्याला कोठे बोचेल हे जुन्या सोबत्याइतके कोणास ठाऊक असते? १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले. चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या वेळी ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहावयाचा होता, आणि तो टिळकांनाच लिहावा लागला. एरवी ज्यांचा अग्रलेख एका बैठकीत होई, त्यांना हा लेख पुरा होण्यास कितीतरी वेळ लागला, मध्ये मध्ये डोळे भरून येत, असे जवळच्यांनी सांगून ठेवले आहे. लेखाला लागलेल्या त्या वेळात त्यांना काय आठवले असेल, याची कल्पना करणे आम्हांस अवघड जात नाही. सहवासनियम, सुधारकातील टीका, सभासदांची मते, यांतील काही नसावे.

डेक्कन कॉलेजच्या गोष्टीला एक पुरवणी आहे, ती फारशी सांगितली जात नाही. १९३४ साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली हे कॉलेज बंद केले. पुण्यात तोवर इतर कॉलेजे झाली होती, तेव्हा पदव्या मिळण्याची कोणाची अडचण होणार नव्हती. तरी जुने विद्यार्थी उठले. यांत वकील होते, पेन्शनर होते, सरकारचे खालेले मीठ न विसरणारी मंडळीही होती. देणगी ज्या कारणासाठी दिली होती ते कारण मोडता येत नाही, असे म्हणून त्यांनी सरकारवर दावा लावला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी या कामी पुष्कळ श्रम घेतले. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. इरावती कर्वे, हसमुख सांकलिया यांसारखी माणसे तेथे आली, आणि भाषाशास्त्र व पुरातत्त्व यांत त्या जागेने दुसऱ्यांदा नाव मिळविले. पण ज्यांनी दावा लावला त्यांच्या डोळ्यांपुढे संशोधन नसावे. वर्गात ऐकलेल्या व्याख्यानासाठी कोणी उतारवयात कोर्टाची पायरी चढत नाही. त्यांना ती नदी, ती नाव आणि त्या खोल्या हव्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी रजेत आम्ही तेथे जाऊन आलो. इमारत तशीच आहे, झाडे मोठी झाली आहेत. टिळकांची म्हणून एक खोली जपून ठेवली आहे. आम्ही तिच्या दाराशी थोडा वेळ उभे राहिलो. खोली लहान आहे. दहा माणसे तिच्यात बसली तर एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लागेल.

दिल्लीस परतल्यावर साहेबांना हे सर्व जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व विचारले, "म्हणजे त्याला बोलू नको म्हणता?" आम्ही म्हटले, "साहेब, फीचा आकडा त्याला जरूर कळवा. आणि त्या दहाजणांची नावे काय, तेवढे विचारा." साहेबांनी मुलाला काय लिहिले ते आम्हांस ठाऊक नाही. पण गेल्या आठवड्यात उन्हात बसले असताना त्यांनी एकाएकी आपल्या स्वतःच्या खोलीसोबत्यांची नावे घेण्यास प्रारंभ केला. तिघांची आठवली. चौथ्याचे नाव सुटी संपेपर्यंत आठवले नाही, म्हणून ते दिवसभर अस्वस्थ होते.

आमच्या चौथ्या मित्राच्या शाळेचे स्नेहसंमेलन दर वर्षी जानेवारीत असते. आठ वर्षे निमंत्रण येते आणि आठ वर्षे आम्ही अंदाजपत्रकाच्या कामाचे कारण कळवितो. कारण खरे असते. या वेळी त्याने निमंत्रणाच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे की इतिहासाचा तास अजून मोकळा ठेवला आहे. चार दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज आम्ही सोमवारी वर पाठविला आहे.